मोटर फिरली नाही तेव्हा

दिवाळी पहाटेला फडके रोडवर नटूनथटून फिरणारी जी मंडळी दिसतात, त्यातली काही जण इतर रविवारी सकाळी भलत्याच ठिकाणी सापडतात. डोंबिवलीतल्या एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, नाहीतर कल्याणला कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून. समोर चौथी ते आठवीची पंधरा-वीस मुलं आणि मध्ये एक खोकं. खोक्यात फुगे, स्ट्रॉ, पेन्सिल सेल, लोहचुंबक, सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे. एफवाय-एसवायला असलेला दादा किंवा ताई 'प्रयोगातून विज्ञान' शिकवत असते. अबॅकस आणि वैदिक गणिताच्या पाट्यांच्या शेजारी आता या क्लासच्या पाट्याही लागल्यात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टर फिरतं, फी गूगल पे होते आणि कॉलेजमधल्या कुणाला तरी थोडा पॉकेटमनी सुटतो.

तुमच्यापैकी कुणी असा क्लास घेत असेल, कुणी घ्यायच्या विचारात असेल. बाकीच्यांच्या घरी निदान एखादा धाकटा भाऊ, बहीण, भाची तरी असेल, जी येऊन सांगते, "आज आम्ही ज्वालामुखी केला!" (हा ज्वालामुखी म्हणजे खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. बहुतेक क्लास इथूनच सुरू होतात, काही इथेच थांबतात.) म्हणून या क्लासमध्ये नेमकं काय शिकवलं जातं, ते जरा जवळून बघू. त्यासाठी एकच प्रयोग घेऊ, विजेवर फिरणारी छोटी मोटर.

साहित्य जेमतेम. एक सेल, त्याच्या दोन टोकांना रबराने घट्ट धरलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर चिकटवलेला चुंबक आणि तांब्याच्या तारेची दहा वेढ्यांची कॉइल. तार वाइंडिंगची, म्हणजे इनॅमल चढवलेली. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीच्या बाजूला मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानात तुकडा मागितला तर बहुतेक वेळा मिळून जातो. कॉइलची दोन टोकं पिनांच्या भोकांतून ओवली की ती झोपाळ्यासारखी चुंबकाच्या वर लटकते. बोटाने हलका धक्का दिला की गरागरा फिरायला लागते.

म्हणजे लागायला हवी. पहिल्या खेपेला ती बहुतेक वेळा फिरतच नाही.

तार दिसायला लखलखीत तांब्याची. तांब्यातून वीज जाते हे पाचवीतल्या मुलालाही पाठ असतं. मग अडलं कुठे? पिना तपासून होतात, सेल बदलून होतो, शेजारच्याचा चुंबक पळवून होतो. बऱ्याच वेळाने कुणाच्या तरी लक्षात येतं की तारेवर काहीतरी चढवलेलं आहे, वार्निशसारखं. पॉलिश पेपर येतो, दोन्ही टोकं खरवडून साफ होतात. आता कॉइल हलते, पण फिरत नाही. एक झटका देते, मग डावी-उजवीकडे डुलते आणि थांबते. वर सेल तापतो तो वेगळाच, कारण अडकलेल्या कॉइलमधून तो भसाभस रिकामा होत असतो. (क्लास घेणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा आणि दर मिनिटाला जोडणी सोडायला लावा.)

खरी गंमत या डुलण्यात आहे. चुंबक कॉइलला अर्ध्या फेरीत ज्या दिशेने ढकलतो, पुढच्या अर्ध्या फेरीत त्याच्या बरोबर उलट ढकलतो. प्रवाह सलग चालू राहिला तर जितकं पुढे तितकं मागे, म्हणून कॉइल जागच्या जागी डुलते. ती फिरायला हवी असेल तर उलट ढकलण्याच्या वेळी वीज बंद पडली पाहिजे. ते कसं करायचं? एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्धं, वरच्या बाजूने, खालचं इनॅमल तसंच ठेवून. मग अर्धी फेरी विजेची आणि अर्धी आधी मिळालेल्या वेगाची. मोठ्या मोटरमध्ये हेच काम कॉम्युटेटर करतो. दहावीच्या पुस्तकात त्याची आकृती आपण सगळ्यांनी काढलीय, लेबलसकट. पॉलिश पेपरने तो स्वतः तयार करणं आपल्यातल्या किती जणांनी केलंय?

आता कळीचा प्रसंग. वीसातल्या चौदा मुलांची मोटर अडलीय. बारा वाजत आलेत, पालक दाराशी उभे आहेत, काहींचा मोबाइल व्हिडिओसाठी तयार आहे. दादाला उत्तर माहीत आहे. एकेकाची कॉइल हातात घेऊन टोक अर्धं खरवडायला त्याला वीस सेकंदं लागतील. मोटर फिरेल, पोरं ओरडतील, पालक खूश होतील आणि पुढच्या महिन्याची फी नक्की. त्याने तसं करावं का?

यावर सोपा उपाय बाजारात कधीच आलाय. किट. पुठ्ठ्याचा रंगीत खोका, आत प्रत्येक गोष्ट मापात कापलेली, तारेची टोकं आधीच खरवडलेली, सोबत क्यूआर कोड. स्कॅन करा, बघा, जोडा, फिरली. किटमध्ये वाईट काही नाही. मूल घरी नेतं, आजोबांना दाखवतं, खूश होतं. पण जो प्रश्न सोडवायचा होता तो कारखान्यातच सुटलेला असतो. मुलाच्या वाट्याला येते फक्त जुळणी, फर्निचरच्या दुकानातून आणलेल्या कपाटासारखी.

ही मोटर आज यूट्यूबवर कुठेही दिसते, पण आपल्या देशात ती शाळकरी मुलांपर्यंत नेण्यात अरविंद गुप्ता यांचा वाटा मोठा. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८मध्ये त्यांनी रजा काढली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे १९७२पासून सोळा सरकारी शाळांमध्ये एक धाडसी प्रयोग चालू होता. सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान फक्त प्रयोग करून शिकवायचं. नेहमीच्या पाठ्यपुस्तकाऐवजी 'बाल वैज्ञानिक' नावाची कार्यपुस्तिका, जिच्यात प्रश्न असायचे पण उत्तरं नसायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा आणि वर प्रात्यक्षिकाची परीक्षा. हे उभं करणाऱ्यांत मुंबईच्या टीआयएफआरमधलं संशोधन सोडून तिकडे गेलेले अनिल सद्गोपाल होते. टीआयएफआरमधले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ गावातल्या शिक्षकांसोबत बसून प्रयोग ठरवायचे. तिथल्या बाजारात गुप्तांना सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी सापडली. तिच्या तुकड्यांत काड्यापेटीच्या काड्या खोचून त्यांनी गरिबांचं मेकॅनो तयार केलं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी बनवली आणि सगळी कृती फुकट वाटून टाकली. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुक्तांगणच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधला एक तारा आणि त्यात लपलेले पु.ल. सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून ती उभी राहिली.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली. त्यातली एक सवय मात्र प्रत्येक चांगल्या विज्ञानवर्गात आजही दिसते. मुलाने जे बघितलं तेच वहीत लिहायचं, पुस्तकात जे असायला हवं ते नाही. मोटर फिरली नाही तर 'फिरली नाही' असं लिहायचं. कॉइल डुलली तर 'डुलली'. किती वेळा, कोणत्या बाजूला, तेही.

वाचायला किरकोळ वाटतं ना? आता आपल्या जर्नलकडे येऊ.

अकरावी-बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाला टायट्रेशन आठवत असेल. तीन रीडिंग घ्यायची आणि त्यातून सीबीआर, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. प्रत्यक्षात काय होतं हे आपापसात सांगायला हरकत नाही. पहिलं रीडिंग खरं, दुसरं घाईत, तिसरं पेनने. १०.२, १०.२, १०.२. लंबकावरून 'जी' काढायचा असेल तर उत्तर ९.८ येणार हे आधीच माहीत असतं, मग उलट्या बाजूने गणित करून वेळा भरल्या जातात. याला आपल्याकडे नावंही किती गोड आहेत! 'रीडिंग जुळवणं', 'मॅनिप्युलेट करणं', 'सीनियरची जर्नल घेणं'. यात सगळा दोष मुलांचा असं म्हणणं अन्यायाचं होईल. एका उपकरणावर पाच जण, दोन तासांची प्रॅक्टिकल, बिघडलेलं स्टॉपवॉच, शिवाय ९.३ उत्तर आलं म्हणून मार्क कापणारे परीक्षक. अशात खरं रीडिंग लिहिणारा मुलगा वेडा ठरतो. पण मग हेच आपण रविवारी सकाळी दहा वर्षांच्या मुलांसमोर प्रयोग शिकवायला उभे राहतो. त्याची मोटर अडली की आपला हात आपसूक पुढे जातो, कारण 'उत्तर जुळलं पाहिजे' हे आपल्या हातात भिनलेलं असतं.

हा आजार फक्त आपल्या लॅबपुरता नाही. रॉबर्ट मिलिकनने तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, पुढे नोबेलही मिळवलं. त्याचा आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी होता, कारण हवेच्या स्निग्धतेसाठी धरलेली किंमत चुकीची होती. नंतरच्या लोकांनी मोजलं तेव्हा एका दमात बरोबर आकडा यायला हवा होता. तो आला मात्र हळूहळू, पायरी पायरीने वर सरकत. रिचर्ड फाइनमनने १९७४मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात याचं कारण सांगितलं. मिलिकनपेक्षा फार मोठा आकडा आला की संशोधक आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चूक शोधत बसायचे. जवळचा आकडा आला की फारसं शोधायचे नाहीत. म्हणजे रीडिंग जुळवणं, फक्त सूटबूट घालून.

ठाणे-कल्याण पट्ट्यात प्रात्यक्षिकाला आणखी एक दार आहे, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ सहावी आणि नववीसाठी ती घेतं. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग मुलाखत आणि कृतिसंशोधनाचा प्रकल्प, अशी तिची चढण. शाळकरी मुलाला हाताने काही करायला लावणाऱ्या परीक्षा आपल्याकडे मोजक्याच, त्यात ही एक. म्हणून तिच्याबद्दल आदर आहे. पण जिथे परीक्षा तिथे तिची 'तयारी करून घेणारे' आलेच. मग प्रात्यक्षिकांचीही अपेक्षित प्रश्नसंचासारखी यादी होते, कोणता द्रव कोणता रंग देईल ते तक्त्यात पाठ होतं. ठाणे आणि डोंबिवलीत असे वर्ग कमी नाहीत. तिथे शिकवणाऱ्या कॉलेजच्या मुलांना पैसेही जरा बरे मिळतात. प्रयोग पाठ करून घेणं हा उद्योग आपल्यालाच जमू शकतो, कारण आपण स्वतः तसेच शिकलोय.

उलट टोकाला राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे. १९९३पासून ती देशभर भरते. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी छोटे गट करायचे, आपल्या परिसरातला एक प्रश्न निवडायचा, महिनोन्‌महिने मोजमापं घ्यायची आणि मांडायचं, आपल्या भाषेत. महाराष्ट्रात हे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने वर्षानुवर्षं अंगावर घेतलं. सुरेंद्र दिघे यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. इथे पाठ करायला काही नसतं, कारण तुमच्या गल्लीतल्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच गाइडमध्ये छापलेलं नसतं.

आणि आपल्या गल्लीत प्रश्नांची काय कमी! फेब्रुवारी २०२०मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता चक्क गुलाबी झाला होता, देशभर फोटो फिरले. मे २०१६ आणि मे २०२४मध्ये याच भागात रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. या शहरातल्या सहावीच्या मुलीला आम्ल आणि आम्लारी म्हणजे धड्यातले दोन शब्द वाटत नाहीत. ते तिच्या खिडकीबाहेर आहेत, कधीकधी वासासकट. तिला ज्वालामुखी करून दाखवून घरी पाठवणं म्हणजे तिच्या प्रश्नाला बगल देणं आहे.

मग काय करता येईल? जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवा. रंग उतरला की त्यात फिल्टर पेपरच्या पट्ट्या भिजवून वाळवा. लिंबाने पट्टी गुलाबी होते, साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने हिरवट. हळदीचंही तसंच. वरणाचा डाग साबणाने धुताना लाल होतो हे आईला कोणत्याही केमिस्टइतकंच ठाऊक असतं. आता मुलांना त्यांच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी आणायला सांगा. एक वाटी एमआयडीसीजवळून, एक पश्चिमेतून, एक टिटवाळ्याहून आणि सोबत नळाच्या पाण्याची एक. (नाल्याचं पाणी अजिबात नाही. तिथे मुलांना पाठवायचं नाही आणि आपणही हौस म्हणून जायचं नाही.)

बहुतेक वेळा सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच दिसतील. स्वच्छ पावसाचं पाणीही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लच असतं आणि जास्वंदीच्या पट्टीला इतका बारीक फरक कळत नाही. हा निकाल पालकांच्या व्हिडिओसाठी तसा निकामी. पण 'या पट्टीवरून सांगता येत नाही, अजून बारीक मोजणारं काहीतरी हवं' असं एखाद्या मुलाने वहीत लिहिलं, तर त्या सकाळची फी वसूल झाली असं मी म्हणेन. तिथून पुढे तुमच्या कॉलेजच्या लॅबमधला पीएच मीटर दाखवायला नेता आलं, तर फारच उत्तम. सर नाही म्हणतील असं आधीच धरून चालू नका.

थोडं क्लास घेणाऱ्यांसाठी. एका दादामागे वीस मुलं म्हणजे प्रयोग दाखवायचाच कार्यक्रम होतो, करायचा होत नाही. सहा-सात असतील तर अडलेल्या प्रत्येकापाशी बसता येतं. वीस असतील तर मित्रमैत्रिणींना सोबत घ्या आणि पैसे वाटून घ्या. एका सकाळी एकच प्रयोग. चार प्रयोगांचं आमिष पोस्टरवर छान दिसतं, पण मग डुलणाऱ्या कॉइलला वेळच मिळत नाही. पालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की काही रविवारी मूल न चालणारी वस्तू घेऊन घरी येईल. काही जण क्लास बदलतील. बदलू देत. आणि मुलाने "दादा, का नाही फिरत?" असं विचारलं तर "तुला काय वाटतं?" एवढंच विचारून गप्प बसायची सवय लागायला वेळ जातो. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. तोंडावर उत्तर आलेलं असतं आणि ते सांगितलं की आपण हुशार दिसतो!

ज्यांच्याकडे खोकंही नाही, किटही नाही, त्यांच्यासाठी आकाश फुकट आहे. इकडे त्याची परंपराही आहे. कल्याणचं आकाश मित्र मंडळ, खगोल मंडळाच्या वांगणीतल्या रात्री. बदलापूरच्या पुढच्या त्या स्टेशनावर उतरून रात्रभर जागलेले किती तरी जण आज सायन्सला आहेत. दिवसा करायचा असेल तर शून्य सावलीचा प्रयोग घ्या. ठाणे, डोंबिवली, कल्याण साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. सूर्य उत्तरेकडे सरकताना १६ मेच्या आसपास आणि परतताना २७ जुलैच्या आसपास आपल्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायातच गडप होते. गच्ची, काठी आणि काठी सरळ आहे का हे बघायला दोऱ्याला बांधलेला एक नट, एवढंच लागतं.

मुलं बाराच्या ठोक्याला वर जाऊन उभी राहतील. त्यांना जाऊ द्या. बारा वाजता सावली असेल, सव्वाबारालाही असेल. कुणीतरी म्हणेल, "दादा, चुकलं." आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आणि आपण राहतो जवळपास ७३ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपली मध्यान्ह मेमध्ये बारा पस्तीसच्या सुमाराला होते. जुलैत आणखी दहा मिनिटं उशिरा. पण हे आधी सांगायचं नाही. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करत बसायचं, टोप्या घालून, पाण्याची बाटली घेऊन.

मेमध्ये निम्मी मुलं गावाला गेलेली असतात, तेव्हा दुसरी संधी जुलैची. जुलैत डोंबिवलीला सूर्य दिसेलच याची खात्री नाही. नाही दिसला तर वहीत तारीख टाकायची, वेळ टाकायची आणि पुढे लिहायचं, 'ढग होते.'